शेतात इमारती लाकूड लावायचंय? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की मुरबाड रस्त्यावरच्या आमच्या रोपवाटिकेत शनिवार-रविवारी गाड्या थांबू लागतात. नोकरी ठाण्यात, घर ऐरोलीत नाहीतर डोंबिवलीत, गावी आजोबांच्या नावची जमीन पडीक, आणि मोबाइलमध्ये ‘एकरी एक कोटी’वाला व्हिडिओ. रोपं विकणं हा आमचा धंदा, तरी निम्म्या मंडळींना आम्ही रोपं देण्याआधी तलाठ्याकडे पाठवतो. का, ते खाली येईलच.

गावी दोन एकर पडीक आहे. साग लावू का?

आधी सांगा, दोन एकर म्हणजे खाचर की वरकस? ठाणे जिल्ह्यात एकाच घरच्या सातबाऱ्यांवर दोन्ही असतं आणि शहरात वाढलेल्या पिढीला बऱ्याचदा फरक ठाऊक नसतो. खाचरात जुलै-ऑगस्टमध्ये घोटाभर पाणी उभं असतं. भाताला तेच हवं, सागाला नेमकं तेच नको. कोंडलेल्या पाण्यात सागाची मुळं गुदमरतात. झाड मेलं नाही तरी खुरटतं. आपल्याकडे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि तो उतारावरून खाचरातच येऊन थांबतो. तेव्हा खाचरात भातच राहू द्या, तुम्हाला जमत नसेल तर भावकीतल्या कुणाला करू द्या. फार तर बांधावर झाडं लावा.

वरकस म्हणजे वरची माळाची, उताराची जमीन. पूर्वी तिथे नाचणी-वरई व्हायची, गवत कापलं जायचं, राबासाठी, म्हणजे भाताची रोपं टाकायची जागा भाजण्यासाठी, ऐनाचा टाहाळ (पानांसकट फांद्या) तोडला जायचा. आता नाचणी करायला माणूस नाही आणि गवताचाही पूर्वीसारखा धंदा राहिला नाही. झाडांसाठी हीच जमीन. पण तिथेही आधी एक काम करा: एप्रिलमध्ये दोन-तीन ठिकाणी तीन-तीन फुटांचे खड्डे खणून बघा. खालपर्यंत माती किंवा पहारीने फुटणारा मुरूम असेल तर सागाचा विचार करा. दीड फुटावर कातळ लागला तर सागाचा नाद सोडा, खैर लावा.

मग लावायचं काय? जातींची यादी द्या.

यादीपेक्षा तुम्ही किती वर्षं थांबणार हे महत्त्वाचं, त्या क्रमाने सांगतो.

चार-पाच वर्षांत काहीतरी हातात हवं असेल तर बांबू. लाकूड नव्हे, पण एकदा बेट धरलं की दरवर्षी तोड मिळते, आणि २०१७ साली भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन बांबू ‘झाड’ या व्याख्येतून बाहेर पडल्यामुळे स्वतःच्या शेतातला बांबू तोडण्याची कटकट बरीच कमी झाली. ओढ्याकाठची, थोडी ओल धरणारी जागा त्याला द्या. विहिरीला किंवा भिंतीला खेटून मात्र लावू नका.

दहा ते पंधरा वर्षांत शिवण. या झाडाची जाहिरात कुणी करत नाही, म्हणून लोक विचारत नाहीत. आपल्या मातीतलं आहे, वेगाने वाढतं, लाकूड हलकं आणि सहसा वाकडं न होणारं. दाराच्या फळ्या, कपाटं, कोरीवकाम यांना सुतार ते खुशीने घेतात. शिवणीचं मूळ दशमुळांतलं एक, ही आणखी एक गोष्ट. आम्हाला विचाराल तर वरकस जमिनीवर सागाच्या बरोबरीने शिवण असायलाच हवी.

खैर साधारण पंधरा वर्षांपासून पुढे. त्याची किंमत गाभ्यात, कारण गाभ्यातून कात निघतो. हलक्या, दगडाळ जमिनीत तग धरतो. बी रात्रभर भिजवून पावसाच्या सुरुवातीला थेट टोकलं तरी येतो. अडचण दोन गोष्टींची: खैराची चोरटी तोड होते, आणि त्यामुळे वनखातं खैराचे कागद डोळ्यांत तेल घालून बघतं.

साग पंचवीस वर्षं आणि पुढे. त्यावर खाली बरंच आहे.

ऐन, बिबळा, हेद, शिसव ही लांबची खरेदी, नातवंडांसाठी. ऐन मुद्दाम लावायची गरज पडत नाही, तुमच्या माळावर आधीच उगवलेला असेल. राबासाठी दरवर्षी छाटून छाटून तो झुडपासारखा झालेला असतो. त्यातला एक सरळ कोंब ठेवून बाकीचे काढा आणि कोयता लावणं थांबवा. जुन्या बुंध्याची मुळं खोल गेलेली असल्यामुळे तो कोंब नव्या रोपाला केव्हाच मागे टाकतो. फुकटातलं झाड म्हणतात ते हे.

महोगनी, चंदन, मलबार नीम? व्हिडिओत तर एकरी कोटीचा हिशेब दाखवतात.

तो हिशेब असा असतो: एकरी हजार रोपं, त्यातली हजारच्या हजार जगली, प्रत्येक बारा वर्षांत वीस घनफूट झालं, आणि प्रत्येक घनफुटाला फर्निचरच्या दुकानातल्या तयार फळीचा भाव मिळाला. यातली एकही गोष्ट घडत नाही. दोन बाय दोन मीटरवर लावली तर एकरात हजार रोपं बसतात हे खरं, पण ती तशीच ठेवली तर काठ्याच राहतात.

चंदनाबद्दल एकच सांगतो. ते अर्धपरजीवी झाड आहे, दुसऱ्या झाडाच्या मुळांतून अन्न घेतं, म्हणून शेजारी यजमान झाड लागतं. किंमत गाभ्याची आणि गाभा भरायला पंधरा-वीस वर्षं जातात. तोवर गावाबाहेरच्या माळावर त्याची राखण कोण करणार? तुम्ही ऐरोलीत आणि चंदन शहापूरच्या माळावर, ही जोडी जमत नाही.

मलबार नीम प्लायवूडसाठी चांगला आहे, सहा-आठ वर्षांत तोडीला येतो. पण प्लायवूडचं लाकूड जाडजूड आणि स्वस्त, त्याची कमाई वाहतूक खाते. लावण्याआधी खरेदी करणारा कारखाना किती किलोमीटरवर आहे ते शोधा. ‘आम्हीच परत विकत घेऊ’ असं रोपं विकणारा सांगत असेल तर त्या करारात भाव, वजनाची पद्धत आणि तोडीचा खर्च कोणाचा, हे तिन्ही लिहिलेलं आहे का ते पाहा. बहुतेक करारांत तिन्ही नसतं.

महोगनीची झाडं आपल्याकडे रस्त्याच्या कडेला छान वाढलेली दिसतात. बांधावर पाच-दहा हौसेने लावा. सगळी जमीन त्यात घालू नका.

टिश्यू कल्चरचा साग सात वर्षांत तयार होतो म्हणतात. खरं का?

उंच होतो. तयार होत नाही. सागाचं मोल त्याच्या गाभ्यातल्या तेलकट, तपकिरी लाकडात. सात वर्षांच्या खोडाचा काप बघितलात तर बहुतेक भाग पांढरा दिसेल, आणि पांढऱ्या लाकडाला वाळवी आणि भुंगा दोन्ही लागतात. टिश्यू कल्चरने रोपं एकसारखी आणि सरळ मिळतात, हा खरा फायदा. गाभा भरायचं काम वर्षंच करतात.

आम्ही स्वतः स्टंप लावायला सांगतो: वीतभर मूळ, अंगठ्याएवढी जाडी आणि वर दोन-तीन सेंटिमीटर खोड. दिसायला वाळका तुकडा. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की पहारीने भोक पाडायचं, स्टंप आत सोडायचा आणि बाजूची माती टाचेने घट्ट दाबायची. आत पोकळी राहिली तर पाणी साचून कुजतो, साठ-सत्तर टक्के मर होते ती इथेच, आणि दोष रोपवाटिकेला मिळतो.

एकरात किती झाडं? विरळणी म्हणजे काय, लावलेली झाडं तोडायची?

हो, तोडायची. यावर घरोघरी भांडणं होतात, म्हणून सविस्तर.

तीन बाय तीन मीटरवर एकरात साधारण साडेचारशे झाडं बसतात. सुरुवातीला ही दाटी बरी असते, कारण उजेडासाठी झाडं सरळ वर जातात, बाजूला फांद्या फोडत नाहीत. सात-आठ वर्षांनी शेंडे एकमेकांना भिडतात. तिथून पुढे प्रत्येक झाड नुसतं उंच होतं, घेर वाढत नाही. तेव्हा वाकडी, दुफाटी, दबलेली झाडं काढायची. साधारण तीनात एक. पुन्हा बारा-पंधराव्या वर्षी तसंच. शेवटी एकरी दीडशे-दोनशे चांगली झाडं राहिली की पुरे. पहिल्या विरळणीचं लाकूड वासे, खांब, मांडवाच्या बल्ल्या यापलीकडे जात नाही, त्यात मोठी कमाई धरू नका.

बांधावर लावणार असाल तर वेगळं गणित. चौकोनी एकराचा घेर अडीचशे मीटर. तीन मीटरवर एक धरलं तर ऐंशी-पंच्याऐंशी झाडं. मधल्या शेतीला धक्का न लावता एवढी झाडं, हाच आम्हाला सगळ्यात शहाणा मार्ग वाटतो. फक्त बांधाच्या मधोमध लावू नका. दीड-दोन मीटर आपल्या हद्दीत घ्या. वीस वर्षांनी झाड मोठं झालं की शेजारच्याचा मुलगा म्हणणार, हे आमच्या बांधावरचं. त्याआधी भूमी अभिलेखची मोजणी करून हद्दीचे दगड पक्के करून घेतलेत तर बोलायला जागा उरत नाही.

रोपं तर स्वस्त असतात. मग खर्च कुठे होतो?

पहिल्या तीन वर्षांत, आणि पैशापेक्षा जास्त हजेरीत.

दीड फुटी खड्डे उन्हाळ्यात काढून तापू द्यायचे, शेणखत मिसळून भरायचे, जून अखेर ते जुलै मध्यापर्यंत लागवड संपवायची. ऑगस्टमध्ये लावलेलं रोप दिवाळीपर्यंत मूळ धरत नाही. पावसाळ्यात दोनदा तरी रोपाभोवती खुरपणी, नाहीतर रानमोडी आणि गवत रोपाला झाकून टाकतं. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावं लागतं. विहीर नसेल तर प्रत्येक रोपाशेजारी मडकं पुरणं किंवा आठवड्याला टँकर, आणि बुंध्याशी पेंढ्याचं आच्छादन. पहिली तीन वर्षं ओळींमध्ये नाचणी, उडीद, तूर, वाल यातलं जमेल ते घ्या. पिकाच्या निमित्ताने कुणीतरी शेतात फिरतं आणि झाडं आपोआप राखली जातात.

गुरं ही दुसरी गोष्ट. भातकापणी झाली की गावात गुरं मोकळी सुटतात आणि पुढच्या पावसापर्यंत माळ सगळ्यांचा असतो. सागाचं खरबरीत पान गुरं फारसं खात नाहीत पण अंग घासून रोप मोडतात. शिवण आणि खैराची कोवळी रोपं मात्र चवीने खातात. तारेचं कुंपण महाग पडतं आणि तार चोरीला जाते. काट्यांची वई (काटेरी फांद्यांचं कुंपण), मध्ये करवंद, हे स्वस्त आणि टिकाऊ. सगळ्यात उपयोगी म्हणजे गुराख्याशी ओळख.

तिसरी गोष्ट वणवा, आणि त्यातच सगळ्यात जास्त लागवडी संपतात. फेब्रुवारीपासून मेपर्यंत माळावर कमरेएवढं वाळलं गवत उभं असतं. कुणी बिडी टाकतो, कुणी नवं गवत चांगलं यावं म्हणून मुद्दाम लावतो, शेजारी राब भाजताना वारा फिरतो. दुपारी एकला लागलेली आग तीनपर्यंत दोन माळ ओलांडते. मोठा साग त्यातून वाचतो, बुंधा करपतो आणि आतल्या लाकडाला डाग पडतो. तीन वर्षांचा साग जमिनीपर्यंत जळतो आणि पावसात मुळापासून पुन्हा फुटतो, म्हणजे झाड मेलेलं नसतं पण तुमची तीन वर्षं गेलेली असतात. उपाय जुनाच: डिसेंबरअखेर चारही बाजूंनी तीन-चार मीटर रुंद पट्ट्यातलं गवत कापून जाळरेषा काढायची, आणि जानेवारीत ती पुन्हा साफ करायची. आतलं गवत फुकट कापून न्यायला गावात सांगून ठेवा. त्यांना चारा मिळतो, तुमच्या माळावर वणव्याला जळायला कमी उरतं.

ऑगस्टनंतर सागाच्या पानांची जाळी होते. औषध मारू?

नको. ती सागावरची पान खाणारी अळी. पानांच्या शिरा तेवढ्या उरतात, लांबून माळ जळाल्यासारखा दिसतो, आणि लोक घाबरून फोटो पाठवतात. सागाची पानं हिवाळ्याअखेर गळायचीच असतात. वाढ थोडी मागे पडते, झाड जातं असं नाही. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या रोपांवर निंबोळी अर्क फवारला तर ठीक.

झाड माझं, जमीन माझी. तोडायला परवानगी कशाला?

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ मुळे. या कायद्याच्या अनुसूचीत जी झाडं आहेत ती स्वतःच्या शेतातली असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. साग, खैर, चंदन, ऐन, किंजळ, बिबळा, हेद, तिवस, अंजन, मोह, हिरडा, आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही सगळी त्यात येतात. शिवण, निलगिरी, सुबाभूळ, बांबू त्यात नाहीत. जात निवडताना हे डोक्यात ठेवायला हवं, आणि नेमकं हेच कुठल्या व्हिडिओत नसतं.

व्यवहारात होतं असं. तुम्ही अर्ज करता, सोबत सातबारा, फेरफार, गटाचा नकाशा, झाडांची जात आणि घेर यांची यादी. सातबाऱ्यावर जेवढी नावं तेवढ्यांची संमती. हद्द वनजमिनीला लागून असेल तर मोजणी. मग वनपाल जागेवर येऊन झाडं मोजतो, हॅमर मारतो, म्हणजे खात्याच्या हातोड्याने झाडावर खूण उठवतो. परवानगी आली की तोड, तोडीनंतर ओंडक्यांवर पुन्हा हॅमर, आणि मग वाहतूक परवाना. परवान्याशिवाय सागाचा ट्रक कल्याणच्या नाक्यापर्यंत पोहोचत नाही. काही जातींना, उदाहरणार्थ निलगिरी आणि सुबाभूळ, वाहतूक परवान्यातून सूट आहे; ही यादी वेळोवेळी बदलते, तेव्हा लावण्याआधी आणि तोडण्याआधी वनक्षेत्रपाल कार्यालयात जाऊन ताजी पाहा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने राज्याराज्यांतल्या लाकूड वाहतुकीसाठी एकच ऑनलाइन परवाना पद्धत सुरू केली, त्यामुळे कागद घेऊन फिरणं कमी व्हावं.

यात महिने जातात. बरेच शेतकरी कंटाळून उभं झाडच व्यापाऱ्याला विकतात, ‘परवानगी तुमची, तोड तुमची’ म्हणून. मग भाव तो ठरवतो. पण लक्षात ठेवा, परवान्यावर नाव तुमचं असतं. व्यापाऱ्याने दहाच्या परवान्यावर चौदा झाडं तोडली तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. तोडीच्या दिवशी स्वतः हजर राहा.

तलाठ्याकडे पाठवता ते कशासाठी?

सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना वाचण्यासाठी. मालकाचं नाव सगळे वाचतात, हा रकाना कुणी वाचत नाही.

ठाणे जिल्ह्यात त्यात पहिली शोधायची गोष्ट म्हणजे खाजगी वनाची नोंद. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमानुसार ३० ऑगस्ट १९७५ रोजी राज्यातली खाजगी वनं शासनाकडे निहित झाली, म्हणजे शासनाच्या मालकीची झाली. जिल्ह्यात अशा नोंदी गावोगाव आहेत, काही बरोबर, काही वादग्रस्त. नुसत्या जुन्या नोटिशीच्या आधारावर, ती मालकाला बजावलेलीच नसताना, जमीन वन ठरत नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मुलुंड-ठाणे पट्ट्यातल्या जमिनींच्या प्रकरणात दिला. पण निकाल आला म्हणून तुमच्या सातबाऱ्यावरची नोंद आपोआप पुसली जात नाही. ती असेल तर आधी महसूल खात्याकडून निकाली काढा, झाडं नंतर. नाहीतर पंचवीस वर्षांनी तोडीचा अर्ज कराल आणि उत्तर येईल की जमीनच वनाची.

दुसरी गोष्ट भोगवटादार वर्ग २, म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन. शासनाने दिलेली, कुळकायद्यातली किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असू शकते. आदिवासींची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ ने बंधन आहे. शहापूर-मुरबाडात ‘नोटरी करून घेतलेल्या’ अशा जमिनी दाखवणारे दलाल भेटतात. त्या कागदावर लावलेलं झाड तुमचं होत नाही.

तिसरी, नावं. पणजोबांपासून वारस लावलेलेच नाहीत, सातबाऱ्यावर बावीस नावं, त्यातली आठ हयात नाहीत, दोन आत्या गुजरातेत. आज सगळे बोलून चालून आहेत तोवर वाटप करून घ्या. झाडाला किंमत आली की हेच काम दहापट अवघड होतं.

झाडं वाढली की जमीन वनखात्याच्या ताब्यात जाईल, असं गावात म्हणतात.

शेतजमिनीवर आज लावलेल्या सागामुळे जमीन वनखात्याची होत नाही. १९७५ चा कायदा त्या तारखेला जे वन होतं त्याबद्दलचा आहे. मात्र झाडं तुम्ही लावली, आपोआप उगवली नाहीत, हे दाखवता यायला हवं. ई-पीक पाहणी ॲपमध्ये झाडांची नोंद करता येते, बांधावरचीसुद्धा. ती दरवर्षी करा. रोपांच्या खरेदीची पावती, मजुरीच्या नोंदी, तारखेसकट फोटो, सगळं एका फायलीत. हीच फाईल तोडीच्या परवानगीला, कराला आणि भूसंपादनाला तिन्हीकडे कामाला येते.

माझ्या नावावर शेतजमीनच नाही. मी कशी गुंतवणूक करू?

कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही, काही अपवाद सोडून. म्हणून ‘जमीन आमची, झाडं तुमची, वीस वर्षांनी वाटा’ अशा योजना तुमच्यापर्यंत येतात. नव्वदच्या दशकात सागाच्या नावाने अशा कंपन्यांचं पीक आलं होतं आणि हजारो लोकांचे पैसे बुडाले. त्यानंतर १९९९ मध्ये सेबीने सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम केले. लोकांकडून पैसे गोळा करून एकत्रित लागवड आणि परताव्याचं आश्वासन असेल तर सेबीकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा. तो न देता चहा पाजला तर चहा पिऊन या.

फार्महाऊस प्लॉटसोबत ‘पन्नास चंदनं मोफत’ देणाऱ्यांनाही हेच लागू. तिथे विकली जाते ती जमीन, चंदन नव्हे; जमिनीचे कागद बघा.

लाकूड मोजतात कसं? व्यापारी फसवतो का?

पद्धत माहीत असली की फसवणं कठीण. व्यापारी सुतळी ओंडक्याच्या मध्यभागी गुंडाळतो, तिची चौपदरी घडी घालतो आणि ती घडी मोजतो. छत्तीस इंच घेर असेल तर घडी नऊ इंचांची. नऊ गुणिले नऊ, गुणिले लांबी फुटांत, भागिले १४४. दहा फुटी ओंडका असेल तर ५.६ घनफूट. खरं गोल खोडाचं आकारमान काढलं तर ते साधारण ७.२ येतं. म्हणजे या चौपदरी पद्धतीत एकवीस टक्क्यांच्या आसपास कमी मोजलं जातं. कापणीतली घट धरून हा रिवाज पडला आणि सगळीकडे तोच आहे. भांडायचं असेल तर याच्यावर नको, दोन गोष्टींवर: सुतळी सालीवरून की साल काढून, आणि घेर मध्यावर की बारीक टोकाला. हे दोन्ही भाव ठरवायच्या आधी ठरवा. आणि उभ्या झाडाचा भाव, तोडलेल्या ओंडक्याचा भाव, उल्हासनगरच्या वखारीतला कापलेल्या साइजचा भाव, हे तीन वेगळे भाव आहेत. शेजारच्याने सांगितलेला आकडा यातला कोणता ते विचारा.

एकरात शेवटी हाती काय लागतं?

चांगली वरकस जमीन, वेळेवर विरळणी, वणवा नाही असं सगळं जुळून आलं, पंचवीस वर्षांनी दीडशे झाडं उभी आहेत आणि सरासरी घेर तीन फूट आहे असं धरू. झाडामागे वरच्या हिशेबाने साडेपाच घनफूट, म्हणजे एकरी आठशे-साडेआठशे घनफूट. याला तुमच्या भागातल्या ओंडक्याच्या भावाने गुणा, तोड आणि वाहतूक वजा करा. रक्कम वाईट येत नाही. कोटी येत नाही.

परतावा मोजताना पटीत मोजू नका. पंचवीस वर्षांत पैसे दहापट झाले म्हणजे वर्षाला साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. पंधरा वर्षांत दहापट असतील तर साडेसोळा टक्के. जाहिरातवाला ‘दहापट’ म्हणतो, वर्षं बारीक अक्षरात. त्यातही म्युच्युअल फंड अडीअडचणीला विकता येतो, अर्धा वाढलेला साग विकला तर बल्लीचा भाव येतो. पडीक जमिनीवर हे चांगलंच आहे, कारण पडीक राहून ती काहीच देत नव्हती. कर्ज काढून किंवा जमीन नव्याने विकत घेऊन फक्त लाकडासाठी करायचं गणित आम्हाला जमताना दिसलेलं नाही.

लाकडाच्या पैशावर कर लागतो का?

शेतीचं उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे, पण झाडं आपोआप उगवलेली असतील तर ते शेतीचं उत्पन्न ठरत नाही. १९५७ मध्ये राजा बिनय कुमार सहस राय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं: जमीन तयार करणं, लावणं अशी मूळची कामं माणसाने केलेली हवीत, नुसती राखण पुरत नाही. तेव्हा माळावरच्या जुन्या ऐनाचे पैसे आणि तुम्ही लावलेल्या सागाचे पैसे कराच्या दृष्टीने वेगळे. फायलीतल्या पावत्या इथे कामाला येतात. एका वर्षात मोठी रक्कम येणार असेल तर आधी सीएला भेटा, कारण पगारासारखं दुसरं उत्पन्न असेल तर शेतीचं उत्पन्न दर ठरवताना धरलं जातं.

सरकारी मदत?

सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत रोपं स्वस्त मिळतात, मेमध्येच नोंदणी करा. रोजगार हमीतून अल्पभूधारकांच्या शेतात आणि बांधावर लागवड होत आली आहे, पण त्याला जॉब कार्ड लागतं, ते नेरूळला राहून मिळत नाही. गावी शेती करणाऱ्या भावाला मुलगी झाली असेल तर कन्या वन समृद्धी योजनेत दहा रोपं मिळतात, त्यातली पाच सागाची. तांत्रिक सल्ल्याला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय चांगलं. लांब आहे, पण फोनवर बोलतात.

आमच्या गटावरून महामार्ग जाईल अशी चर्चा आहे. झाडं लावली तर मोबदला वाढतो?

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात झाडांचं मूल्य वेगळं काढतात, आणि त्यावर दिलासा रक्कमही मिळते. समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत आला तेव्हा शहापूरच्या गावांनी हे जवळून पाहिलं. ज्यांच्या झाडांची नोंद सातबाऱ्यावर जुनी होती त्यांचं काम सरळ झालं. संयुक्त मोजणीच्या तोंडावर फूटफूट अंतराने खुपसलेल्या रोपांना कुणी भुलत नाही.

वाशीत सोसायटीच्या आवारात साग लावला तर?

लावा, सावली मिळेल. महापालिका हद्दीत १९७५ चा नागरी वृक्षसंरक्षण कायदा लागतो, तोडायला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. लाकडाचा विचार सोडा.

कार्बन क्रेडिटचे पैसे मिळतात म्हणे?

दोन एकरवाल्याला मोजणी आणि पडताळणीचाच खर्च परवडत नाही. मोठ्या गटात सामील करून घेणारी संस्था आली तर करार किती वर्षांचा आणि त्या काळात तोड करता येते का, एवढं वाचा. चाळीस वर्षं तोडबंदीवर सही केलेली असेल तर साग शोभेचा.

माझं वय अठ्ठावन्न. आता लावून काय उपयोग?

अर्ध्या जागेत बांबू आणि शिवण, बांधावर साग, असं करा. बांबू त्रेसष्टाव्या वर्षी तोडीला, शिवण सत्तरीत, आणि साग ज्याच्या नावावर जमीन जाईल त्याचा. मृत्युपत्रात ‘गट क्रमांक अमुक, त्यावरील झाडांसह’ असं स्पष्ट लिहा, नुसती जमीन लिहू नका. मुलाला जाळरेषेची जागा, हद्दीचे दगड आणि ती फाईल कुठल्या कपाटात आहे हे एकदा प्रत्यक्ष दाखवून ठेवा. येताना त्याला सोबत आणलंत तर रोपं गाडीत चढवायलाही मदत होईल. स्टंपचं शंभराचं बंडल दिसतं त्याहून जड असतं.